पंचवीस धांवांचें अंतर

क्रिकेटच्या एखाद्या जुन्या सामन्याचा निकाल जाणून घ्यावयाचा असेल, तर नोंदींच्या पुस्तकाचें एक पान उघडलें म्हणजे काम भागतें. कोणी किती धांवा केल्या, कोणी किती गडी बाद केले, शेवटीं कोण जिंकलें, हें सर्व तेथें मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलें असतें. परंतु तो सामना वळला कोठें, कोणत्या घटकेस एका बाजूचा धीर सुटला आणि दुसरीच्या अंगांत बळ आलें, हें त्या पानावर सांपडत नाहीं. तें पाहणाऱ्यांच्या बोलण्यांत सांपडतें; आणि पाहणाऱ्यांचें तर कधींच एकमत होत नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकास ही अडचण नवी नाहीं. पानिपतची लढाई विश्वासरावांस गोळी लागली तेव्हां फिरली, कीं त्याच्या कितीतरी आधीं सैन्याच्या उपासमारीनेंच ती फिरलेली होती, हा वाद आपण अजून मिटवूं शकलों नाहीं. तेव्हां अकरा माणसांच्या खेळाविषयीं तो मिटावा अशी अपेक्षा कोणी करूं नये.

आज मी ज्या सामन्यांविषयीं बोलणार आहें ते महाराष्ट्राच्या संघानें १९३९ ते १९४९ या दहा वर्षांत खेळलेले आहेत. ते पुण्यास आणि बाहेरगांवीं झाले. पण त्यांची चर्चा मीं प्रथम ऐकली ती आमच्या शिक्रापुरास. शिक्रापूर पुणें-नगर रस्त्यावर, पुण्यापासून सुमारें पंचवीस मैलांवर आहे. येथूनच चाकणकडे फांटा फुटतो. पुण्याकडे निघालें कीं थोड्याच वेळांत कोरेगांव भीमाचा रणस्तंभ लागतो, आणि एका दिवसाची झुंज पुढें किती निरनिराळ्या तोंडांनीं सांगितली जाते हें या भागांतील माणसास वेगळें शिकवावें लागत नाहीं. रस्त्यावरचें गांव म्हणजे बातमीचें गांव. पुण्याहून येणारा माणूस बाजारभावाबरोबर सामन्याची हकीकतही घेऊन येई. ऐकणारा तींत आपल्या पदरची थोडी भर घाली, आणि मूळ सामना ज्यानें पाहिला त्याच्यापेक्षां ज्यानें पाहिला नाहीं तोच अधिक ठासून बोले. त्या बोलण्यांतील भर बाजूला सारून जें नोंदींशीं जुळतें तेवढेंच येथें सांगतों.

प्रथम त्या काळची व्यवस्था ध्यानांत घेतली पाहिजे. रणजी करंडकाची स्पर्धा १९३४ सालीं सुरू झाली. ती बाद पद्धतीची होती. एकदां मागें पडलें कीं त्या वर्षापुरता कारभार आटोपला. पहिलीं दोन वर्षें करंडक मुंबईनें नेला, पुढें नवानगर, हैदराबाद व बंगाल यांनीं एकेकदां. महाराष्ट्र नांवाचें राज्य तेव्हां नकाशावर नव्हतें. तें व्हावयास १९६० साल उजाडावें लागलें. मुंबई शहराचा संघ निराळा होता, विदर्भ मध्यप्रांत-वऱ्हाडांत होता, आणि उरलेल्या मुलखांतील खेळाडू पुण्याच्या भोंवतीं गोळा होत. 'महाराष्ट्र' हें नांव अधिकृतपणें धारण करणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी त्या काळीं होत्या, त्यांत हा संघ एक होता. त्याच्या पाठीशीं कोणी संस्थानिक नव्हता. नवानगरापाशीं जामसाहेबांची थैली होती. पुण्याकडे प्राध्यापक, कारकून, विद्यार्थी आणि थोडे हौशी व्यापारी होते.

पण रणजी स्पर्धेपेक्षां लोकांचें वेड होतें तें मुंबईच्या चौरंगी, आणि १९३७ पासून पंचरंगी, सामन्यांचें. तेथें संघ प्रांतांचे नसून जमातींचे होते : हिंदु, मुसलमान, पारशी, युरोपियन, आणि राहिलेल्यांसाठीं 'इतर'. रेडिओवर खेळाचें धांवतें वर्णन या देशांत रुजलें तेंही याच सामन्यांमुळें. बॉबी तल्यारखान हे गृहस्थ १९३४ पासून ध्वनिक्षेपकासमोर बसत, आणि दिवसभर एकटेच बोलत. दुसऱ्यास मध्यें तोंड घालूं देणें त्यांना मानवत नसे. हे सामने उत्तम होत, गर्दी लोटे, यांत शंका नाहीं. परंतु जमातीच्या संघांतही जातीची भिंत होतीच. पुण्याच्या युरोपियन जिमखान्यावर महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखतां राखतां गोलंदाज झालेले पळवणकर बाळू हे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यांत शंभरांहून अधिक गडी बाद करून आले. तथापि चांभार जातींत जन्मल्यामुळें हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांना कधींच मिळालें नाहीं. १९२० सालीं बाळूंना वगळलें म्हणून त्यांचे बंधु विठ्ठल व शिवराम संघाबाहेर पडले. १९२३ सालीं विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनीं स्पर्धा जिंकली. त्या विजयाची कलाटणी मैदानावर झाली नसून तीन वर्षांपूर्वींच, दोन भावांनीं खेळण्यास नकार दिला त्या दिवशीं झाली होती, असें माझें मत आहे. धांवफलकावर अशा गोष्टीसाठीं रकाना नसतो.

आतां देवधरांकडे येऊं. दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म पुण्याचा, १४ जानेवारी १८९२ चा. सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत ते संस्कृत शिकवीत. १९२६ सालीं गिलिगन यांचा इंग्लिश संघ आला असतां अखिल हिंदुस्थानच्या बाजूनें त्यांनीं १४८ धांवा केल्या, तेव्हां ते चौतीस वर्षांचे होते. सामान्यतः या वयांत फलंदाज उतरणीला लागतो. हिंदुस्थानास कसोटीचा दर्जा मिळून १९३२ सालीं संघ इंग्लंडास गेला, तोंवर देवधर चाळिशीला टेकले होते, आणि निवड करणाऱ्यांनीं त्यांना म्हातारे ठरविलें. ज्याला म्हातारा म्हणून बाजूला ठेवलें तो पुढें आणखी चौदा-पंधरा वर्षें खेळणार आहे हें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नांतही नसावें. महाराष्ट्राचें कर्णधारपद त्यांच्याकडे होतें, आणि तें त्यांनीं वर्गावर शिकविल्याप्रमाणें सांभाळलें : पाठ पक्का होईपर्यंत पुढचें पान उलटावयाचें नाहीं.

१९३९-४० च्या हंगामांतील जो प्रसंग जुनीं माणसें प्रथम सांगत, तो पुण्यास बडोद्याविरुद्ध झालेल्या सामन्यांतला. विजय हजारे या सांगलीच्या चोवीस वर्षांच्या तरुणानें त्या सामन्यांत नाबाद ३१६ धांवा काढल्या. रणजी स्पर्धेंतील हें पहिलें त्रिशतक. हा आंकडा पुस्तकांत ठळक छापलेला असतो. परंतु आमच्याकडचे लोक ती हकीकत सांगतांना हजाऱ्यांपासून सुरुवात करीत नसत. ते आठवा गडी बाद झाला तेथून सुरुवात करीत. आठ गडी गेले म्हणजे डाव संपल्यातच जमा; उरलेले दोघे गोलंदाज, त्यांच्याकडून कोणी धांवांची आशा धरीत नाहीं. अशा वेळीं नरीमन नगरवाला आंत आले. त्यांनीं आणि हजाऱ्यांनीं नवव्या गड्यासाठीं २४५ धांवांची भर घातली. नगरवाल्यांच्या स्वतःच्या ९८ झाल्या. दोन धांवा कमी पडल्या आणि शतक हुकलें. पण त्या ९८ नसत्या तर ३१६ ही नसते, हें उघड आहे, कारण एका टोंकाला सोबत उरली नाहीं तर फलंदाज कितीही मोठा असो, त्याला तंबूकडे परतावेंच लागतें. त्रिशतक करणाऱ्याचें नांव राहतें आणि उभा राहिलेल्याचें पुसट होतें. पुढें नगरवाला कसोटी सामन्यांत पंच म्हणून उभे राहिले. उभें राहण्याचीच त्यांना संवय असावी.

त्या भागीदारींत एक दुसरीही गोष्ट होती, आणि ती मला त्या आंकड्यांहून मोलाची वाटते. हजारे ख्रिस्ती, मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत त्यांची जागा 'इतरां'त. नगरवाला पारशी; त्यांची जागा पारशांत. कर्णधार देवधर यांनीं अनेक वर्षें हिंदूंकडून खेळ केलेला. मुंबईच्या त्या मैदानावर हीं तीन माणसें तीन संघांत उभीं राहिलीं असतीं, आणि प्रेक्षकांनींही आपआपली बाजू जन्मावरून निवडली असती. पुण्यास त्याच तिघांची एक टोपी होती. पारशी फलंदाज टिकावा म्हणून सदाशिव पेठ श्वास रोखून बसली होती, असें म्हणण्यांत थोडी अतिशयोक्ति होईल, पण फार नाहीं.

त्या वर्षींची अंतिम लढत पूना क्लबच्या मैदानावर संयुक्त प्रांताशीं झाली. महाराष्ट्रानें ती दहा गडी राखून जिंकली. एवढ्या सफाईनें जिंकलेल्या सामन्याविषयीं सांगण्यासारखें फारसें उरत नाहीं. विजय निर्विवाद असला कीं आठवणीला धरावयास खुंटी मिळत नाहीं. करंडक प्रथमच महाराष्ट्राकडे आला, पेढे वांटले गेले, आणि मुंबईकरांनीं अर्थातच म्हटलें असेल कीं पुढल्या वर्षीं पाहूं.

पुढल्या वर्षीं पाहण्याचा तो प्रसंग आलाच. १९४०-४१ च्या हंगामांत पुण्यास मुंबई आणि महाराष्ट्र समोरासमोर आले. महाराष्ट्राच्या ६७५ धांवा झाल्या, मुंबईच्या ६५०. दुसऱ्या डावांत निकाल लागण्याइतका वेळ उरला नाहीं आणि पहिल्या डावांतील पंचवीस धांवांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढें गेला. रणजी स्पर्धेचा हा नियम ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों : सामना पुरा झाला नाहीं, तर पहिल्या डावांत ज्याच्या धांवा अधिक तो पुढच्या फेरीस पात्र ठरतो. हा नियम मला फारसा आवडत नाहीं. त्यामुळें संघ जिंकण्यापेक्षां न हरण्याचा विचार करूं लागतात, खेळपट्ट्या फलंदाजांच्या सोयीच्या बनवितात, आणि गोलंदाजांस दोन-दोन दिवस उन्हांत भाजून काढतात. तथापि त्याच नियमानें या सामन्यास अशी धार आणली कीं दुसऱ्या कशानें ती आली नसती.

विचार करा. तेराशेंपंचवीस धांवांचा हिशेब, आणि दोन संघांतील अंतर पंचवीसांचें. तेराशेंतले पंचवीस म्हणजे शंभरास दोनांहूनही कमी. सहा चौकार आणि एक धांव. एखादा निसटलेला झेल, हाताखालून गेलेला चेंडू, दोनऐवजीं तीन धांवा पळण्याचें धाडस, यांपैकीं कशानेंही तें अंतर भरून निघालें असतें. म्हणूनच या सामन्याची कलाटणी कोणती, यावर चार माणसांचीं पांच मतें असत. बहुतेकांचें बोट अर्थातच देवधरांकडे वळे. त्यांनीं २४६ धांवा केल्या. वयाचें पन्नासावें वर्ष जवळ आलेलें, समोर त्या काळचा देशांतील पहिल्या प्रतीचा संघ, आणि कित्येक तास मैदानावर उभें राहावयाचें! त्यांच्या वर्गांतून शिकून गेलेलीं मुलें त्या वेळीं स्वतः बाप झालेलीं होतीं. मुंबईकडून ठाण्याच्या खंडू रांगणेकरांनीं, डावखुऱ्या हातानें, २०२ धांवा करून तें ऋण जवळजवळ फेडीत आणलें.

पण मला जें मत अधिक पटतें तें एका वृद्ध गृहस्थांचें. त्यांचें म्हणणें असें कीं सहाशें धांवांचा पाठलाग करणाऱ्या संघाला शेवटचें शतक जेवढें अवघड जात नाहीं तेवढे शेवटचे पंचवीस जातात. कारण तोंवर फलंदाजांच्या मनांत निकाल शिरलेला असतो. पहिल्या सहाशें धांवा माणूस चेंडूकडे पाहून करतो, शेवटच्या पंचवीस फलकाकडे पाहून. हें खरें असेल तर सामना कोणत्याही एका चेंडूवर वळला नाहीं. मुंबईचे खेळाडू ज्या क्षणीं मोजूं लागले त्या क्षणीं तो वळला. याला पुरावा नाहीं, आणि मिळणारही नाहीं. परंतु जो कोणी परीक्षेच्या शेवटच्या पांच मिनिटांत लेखणी घेऊन बसला असेल त्याला यांत खोटें असें कांहीं दिसणार नाहीं.

मुंबईचा अडथळा ओलांडल्यावर संघाचा हात मोकळा झाला. उत्तर हिंदुस्थानविरुद्ध पुण्यास महाराष्ट्रानें ७९८ धांवांचा डोंगर रचला. रंगा सोहोनी यांचें तें साल होतें; पश्चिम हिंदुस्थानविरुद्ध त्यांनीं नाबाद २१८ काढले आणि मद्रासला झालेल्या अंतिम सामन्यांत शतक झळकावलें. मद्रासचा संघ सहा गडी राखून पराभूत झाला, आणि करंडक दुसऱ्यांदा पुण्यास आला. लागोपाठ दोन वर्षें करंडक राखण्याचा मान तोंवर मुंबईखेरीज कोणासही मिळाला नव्हता.

याच सुमारास, १९४० च्या डिसेंबरांत, मुंबईच्या हिंदु जिमखान्याचे प्रतिनिधि वर्ध्यास गांधीजींच्या भेटीस गेले होते. सत्याग्रह चालू, पुढारी तुरुंगांत, अशा वेळीं पंचरंगी सामने खेळावे कीं नाहीं, हा त्यांचा प्रश्न होता. गांधीजींनीं सामने बंद ठेवण्याच्या बाजूनें कौल दिला, आणि जातां जातां हेंही सांगितलें कीं जमातवार संघ पाडून खेळणेंच आपणांस समजत नाहीं. शाळाशाळांचे, संस्थासंस्थांचे सामने समजूं शकतात. त्या वर्षीं हिंदु संघ पंचरंगी स्पर्धेंतून बाहेर राहिला. वाद पुष्कळ झाला, वृत्तपत्रांचे रकाने भरले, आणि पुढच्या वर्षीं हिंदु संघ पुन्हा मैदानांत उतरला; हे सामने १९४६ च्या आरंभापर्यंत चालले. वर्ध्याच्या त्या उत्तराचा दाखला त्याच हिंवाळ्यांत पुण्याच्या मैदानावर धांवा काढीत होता, हें त्या वादांत कोणी मांडल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. मांडलें असतें तर युक्तिवाद अधिक वजनदार झाला असता.

यानंतरचीं वर्षें थोडक्यांत सांगतों. हजारे बडोद्यास गेले, आणि बडोद्यानें १९४२-४३ चा करंडक जिंकला. महाराष्ट्राचें धन शेजाऱ्याकडे गेलें तें असें. १९४३-४४ मध्यें मुंबईनें जुनें उट्टें काढलें. विजय मर्चंट यांनीं महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ केल्या आणि मुंबईचा डाव ७३५ वर गेला. देवधर मात्र अजून खेळतच होते. १९४४-४५ च्या हंगामांत नवानगरविरुद्ध त्यांनीं एकाच सामन्यांत १०५ आणि १४१ अशीं दोन शतकें काढलीं. तेव्हां त्यांनीं बावन्न वर्षें पुरीं केलीं होतीं.

आतां त्या प्रसंगाकडे वळतों कीं जो प्रसंग म्हणजे न घडलेली कलाटणी. डिसेंबर १९४८. त्याच वर्षीं १ जून रोजीं राज्य परिवहनाची पहिली मोटार नगर ते पुणें या मार्गावर धांवली होती. म्हणजे ती शिक्रापुरावरूनच गेली, आणि सामना पाहावयास पुण्यास जाणें-येणें पूर्वीपेक्षां थोडें सोपें झालें होतें. पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राची गांठ काठेवाडशीं होती. काठेवाडचा डाव २३८ धांवांत संपला. मग कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळावयास आले. भांडारकर यांनीं २०५ धांवा करून त्यांना साथ दिली. दोघांनीं मिळून दुसऱ्या गड्यासाठीं ४५५ धांवा केल्या. निंबाळकर थांबलेच नाहींत. तिसऱ्या दिवशीं विश्रांतीची वेळ झाली तेव्हां महाराष्ट्राच्या चार गडी बाद ८२६ धांवा झाल्या होत्या आणि निंबाळकरांच्या एकट्याच्या ४४३, त्यांत एकूणपन्नास चौकार आणि एक षटकार. डॉनल्ड ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ धांवांचा जागतिक उच्चांक नऊ धांवांवर होता.

काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब होते. त्यांनीं महाराष्ट्राचे कर्णधार राजा गोखले यांस निरोप दिला कीं डाव घोषित करा, नाहींतर आम्हीं घरीं जातों. केवळ दोन षटकें खेळूं द्या, उच्चांक झाला कीं डाव घोषित करतों, अशी विनवणी झाली असें सांगतात. ठाकोरसाहेबांनीं ती मानली नाहीं. आपल्या संघाचें नांव जगाच्या पुस्तकांत अशा रीतीनें कायमचें नोंदलें जावें हें त्यांना सहन होण्यासारखें नव्हतें. काठेवाडनें सामना सोडला आणि मंडळी स्टेशनाकडे निघाली. निंबाळकर ४४३ वर नाबादच राहिले.

ठाकोरसाहेबांची बाजू घेणारे लोक फार थोडे. मीही त्यांत नाहीं. परंतु त्यांच्या मनांतील भीति समजावून घेणें इतिहासकाराचें काम आहे. चार दिवसांच्या सामन्यांत तिसऱ्या दिवसाच्या मध्यापर्यंत आठशें धांवा मागें धांवून काढलेल्या संघाला उरलेल्या वेळांत जिंकण्याची आशा नसते. त्याच्याजवळ मान तेवढा उरतो. तोच आपण वांचवीत आहों असें त्यांना वाटलें. परिणाम उलट झाला. उच्चांक झाला असता तर काठेवाडचें नांव एका ओळींत येऊन गेलें असतें, आणि पुढें कराचीस हनीफ महंमद यांनीं १९५९ सालीं ४९९ धांवा केल्या तेव्हां ती ओळही पुसली गेली असती. सामना सोडल्यामुळें तें नांव निंबाळकरांच्या नांवाला कायमचें जोडलें गेलें. जो पराभव विसरला गेला असता त्याची त्यांनीं स्वतःच आठवण करून ठेवली.

निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना एकही खेळावयास मिळाला नाहीं. ते ११ डिसेंबर २०१२ रोजीं वारले, त्र्याण्णवावा वाढदिवस एका दिवसावर असतां. भारतीय फलंदाजानें प्रथम दर्जाच्या सामन्यांत केलेल्या सर्वांत अधिक धांवा अजूनही त्यांच्याच नांवावर आहेत. त्या दुपारीं मैदानावर बसलेल्यांस घरीं काय सांगावें हें सुचलें नसेल. जें पाहावयास गेलों तें घडलें नाहीं, आणि जें घडलें तें पाहण्यासारखें नव्हतें.

त्याच हंगामांत, मार्च १९४९ मध्यें, उपांत्य सामन्यासाठीं मुंबईचा संघ पुन्हा पुण्यास आला. हा सामना शेवटपर्यंत खेळला गेला, आणि तो इतका लांबला कीं कोणी त्याला सामना म्हणावें कीं मुक्काम, असा प्रश्न पडावा. मुंबईच्या ६५१ आणि आठ बाद ७१४. महाराष्ट्राच्या ४०७ आणि ६०४. एकूण २,३७६ धांवा. जगांतील कोणत्याही प्रथम दर्जाच्या सामन्यांत एवढ्या झालेल्या नाहींत. नऊ शतकें झालीं. उदय मर्चंट, दत्तू फडकर आणि महाराष्ट्राचे रेगे या तिघांनीं प्रत्येकीं दोन-दोन केलीं, आणि माधव मंत्री यांनीं द्विशतक केलें. शेवटच्या डावांत महाराष्ट्रास ९५९ धांवा करावयाच्या होत्या. हें लक्ष्य ऐकून कोणीही बॅट खालीं ठेवली असती. महाराष्ट्रानें ६०४ केल्या आणि मग सामना ३५४ धांवांनीं गमावला. या सामन्याला कलाटणी अशी नव्हतीच. मुंबई पहिल्यापासून पुढें होती. पण तीनच महिन्यांपूर्वीं एक संघ हरण्याच्या भयानें मैदान सोडून गेला होता, आणि येथें दुसरा संघ अशक्य लक्ष्यासमोर सहाशें धांवा करीपर्यंत खेळत राहिला. पुण्याच्या प्रेक्षकानें एकाच हिंवाळ्यांत हीं दोन्ही दृश्यें एकाच शहरांत पाहिलीं.

अशा आठवणी टिकतात कशा, याचें एक उदाहरण अमेरिकेंतील सांगण्यासारखें आहे. तेथें क्रिकेटऐवजीं बेसबॉल हा चेंडूफळीचा खेळ चालतो. १९५१ सालीं न्यूयॉर्क जायंट्स हा संघ ऑगस्टांत ब्रूकलिन डॉजर्सच्या साडेतेरा सामने मागें होता. त्यानें पाठलाग करून बरोबरी गांठली, आणि ३ ऑक्टोबर रोजीं तीन सामन्यांच्या निर्णायक लढतीच्या शेवटच्या डावांत बॉबी थॉमसन याच्या एका फटक्यानें विजेतेपद हिसकावून घेतलें. रेडिओवरील निवेदकानें जी आरोळी ठोकली ती आजही ऐकावयास मिळते. कारण एका श्रोत्यानें घरीं आपल्या आईकडून ती ध्वनिमुद्रित करून घेतली होती. पन्नास वर्षांनीं, २००१ सालीं, असें बाहेर आलें कीं जायंट्सची मंडळी त्या हंगामांत दूरच्या खोलींतून दुर्बिणीनें प्रतिपक्षाच्या खुणा चोरीत होती. मग कलाटणी फटक्यानें झाली कीं दुर्बिणीनें? तेथील लोक अजून भांडत आहेत. पुण्याच्या पंचवीस धांवांची अशी कोणी ध्वनिमुद्रिका केली नाहीं. आपल्यापाशीं दुर्बिणही नाहीं आणि आरोळीही नाहीं. आहेत ते दोन आंकडे आणि पुष्कळ तोंडें.

१९४१ नंतर रणजी करंडक महाराष्ट्राकडे आलेला नाहीं, निदान २०२४-२५ च्या हंगामापर्यंत तरी. अंतिम सामन्यापर्यंत संघ तीनदां पोंचला. १९७०-७१ मध्यें मुंबईचे नामवंत खेळाडू वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर असतांनाही ४८ धांवा कमी पडल्या. १९९२-९३ मध्यें लुधियान्यास पंजाबनें हरविलें. त्या वेळीं देवधर एकशेंएक वर्षांचे होऊन पुण्यांतच राहात होते, आणि त्याच वर्षीं २४ ऑगस्ट रोजीं त्यांचें निधन झालें. तिसरी वेळ २०१४ ची. अंतिम सामन्यांत कर्नाटकानें सात गडी राखून मात केली. परंतु जाणते लोक त्या वर्षींची उपांत्यपूर्व लढत सांगतात, ती मुंबईशीं, वानखेडे मैदानावरची. मुंबईनें पहिल्या डावांत ४०२ करून १२२ धांवांची आघाडी घेतली होती. सामना अनिर्णित राहता तर त्याच जुन्या नियमानें मुंबई पुढें गेली असती, आणि १९४० च्या पंचवीस धांवांची फेड व्याजासकट झाली असती. पण मुंबईचा दुसरा डाव १२९ वर कोसळला. महाराष्ट्रास २५२ धांवा हव्या होत्या. केदार जाधव यांच्या नाबाद १२० आणि विजय झोल यांच्या नाबाद ९१, आणि आठ गडी हातीं ठेवून सामना संपला.